डॉक्टरची काकडी

प्रयोगशाळेत त्याला सगळे 'डॉक्टर' म्हणत. पदवी-बिदवी काही नव्हती. पण भाज्यांवरचं कीटकनाशक शोधणारं ते यंत्र नुसतं कुरकुरलं, तरी हा पंपावर हात ठेवून दुखणं सांगायचा. अठरा वर्षांत निम्मी निदानं साफ चुकली होती. हेही त्याला पाठ होतं, फक्त ते तो कुणाला सांगत नसे.

रोज कामाआधी यंत्राला एक बिनऔषधाची भाजी दाखवावी लागते. बाकीचे नमुने तिच्याशी ताडून बघायचे. तिला म्हणतात ब्लँक. बाजारावर डॉक्टरचा विश्वास नव्हता, म्हणून तो घरच्या गच्चीवरची काकडी आणायचा. "फवाऱ्याचा थेंब नाही हिच्यावर!" हे डबा उघडताना रोज सांगायचा, कुणी विचारो न विचारो.

एका सोमवारी पडद्यावर त्या ब्लँकच्याच आलेखात औषधाचा सुळका उठला. डॉक्टरने सुई धुतली, नळ्या धुतल्या, नवाकोरा कॉलम बसवला. सुळका जागचा हलेना. तपासायचे बारा नमुने फ्रीजमध्ये खोळंबले.

"उद्यापर्यंत जमलं नाही तर बाहेरचा इंजिनिअर बोलावतो," साहेब गुरुवारी म्हणाले. म्हणजे अठरा वर्षांची डॉक्टरकी एका दिवसात धुळीला मिळणार.

शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "नुसतं द्रावण सोडलं की रेष सपाट येते. काकडीतच नसेल ना काही?"

"माझ्या काकडीत?" डॉक्टर एवढा हसला की चष्मा खाली पडला.

मग पंपाची सीलं बदलली. आता बदलण्यासारखा तो स्वतःच तेवढा उरला होता. शेवटी बाईंचं तोंड बंद करायला त्याने त्यांच्याच डब्यातली, कोपऱ्यावरच्या दुकानातली काकडी घेतली. रेष सपाट.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने विचारलं, तर ती शांतपणे म्हणाली, "मीच मारलं औषध, रविवारी. वेल मरायला टेकला होता. तुमचा केवढा जीव त्याच्यावर!"

"अगं, मग सांगायचं नाही का?"

"दोनदा सांगायला आले. दोन्ही वेळा तुम्ही मला काकडीवर भाषण दिलंत."

त्याला दोन्ही भाषणं आठवली. दुसरं तर चांगलंच रंगलं होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शुक्रवारी सकाळी तो नोंदवही उघडून बसला. 'सुई बदलली, दोष गेला' एवढं लिहिलं असतं तरी भागलं असतं. हात तिकडे वळलाही. मग त्याने लिहिलं, 'यंत्र ठीक. ब्लँकची काकडी फवारलेली. काकडी माझी.' साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा मोठ्याने वाचलं. सगळी प्रयोगशाळा हसली. डॉक्टरही हसला, पण कान लाल झाले होते.

संध्याकाळी बायकोने दारातच विचारलं, "काय म्हणाले साहेब?"

त्याने सांगायला तोंड उघडलं, मिटलं आणि म्हणाला, "ते राहू दे. आधी तू सांग, तुझा दिवस कसा गेला?"

तिने हातातलं काम टाकलं आणि त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.