चेलो वाजला, रेकॉर्डिंग नव्हतं

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांच्या तोंडावर हसणारी बाई आहे मी. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय... पण आमच्यावर जो आरोप झाला, तो गिळून मी गप्प बसणार नाही!

मी नागपुरात, बेसाला राहते. पियानो शिकवते. पियानो, व्हायोलिन, व्हायोला, चेलो असे आम्ही चौघं एका जर्मन संगीतकाराचं एकोणिसाव्या शतकातलं क्वार्टेट बसवत होतो. चेलोवर वासुदेवकाका — कोराडीच्या वीजकेंद्रातून रिटायर झालेले. संथ भागाची सुरुवात एकट्या चेलोची. तिथे एका सुरावर काका हमखास रेंगाळायचे. मी ओरडले की म्हणायचे, "थांबू दे नं वं जरासं. कुठं गाडी सुटून राहिली?"

कार्यक्रमाला बारा दिवस उरले असताना काका हार्ट अटॅकने गेले. आम्ही रद्दच करणार होतो, पण काकू म्हणाल्या, "करा. त्यायले आवडलं असतं." चेलोचे सूर मी पियानोवर घ्यायचे ठरलं.

रविवार, सकाळी अकरा, आमच्या सोसायटीचा हॉल. काकू पहिल्या रांगेत. संथ भाग आला आणि माझा हातच उचलेना. तेवढ्यात चेलो सुरू झाला. काकांसाठी रिकाम्या ठेवलेल्या खुर्चीकडून. त्या एका सुरावर रेंगाळला, पुढे गेला. आम्ही तिघं नुसते साथ करत राहिलो — दुसरं काय करणार?

संपल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी सगळ्यांदेखत म्हणाले, "मेलेल्या माणसाचं रेकॉर्डिंग लावून टाळ्या घेता? लाज वाटत नाही?"

अहो, काकांचं रेकॉर्डिंग आम्ही कधी केलंच नव्हतं! "मी सगळं शूट केलंय," म्हणत सेक्रेटरींनी मोबाईलवर व्हिडिओ लावला.

त्यात चेलो नव्हता. सुरुवातीला नुसती पंख्यांची घरघर, मग आमची तीन वाद्यं.

काकू उठल्या. "साहेब, खरं सांगा. तुमाले ऐकू आलं होतं का नाई?"

"आलं होतं."

"मंग या पोरीवर काहून खेकसून राहिले?"

ते मोबाईल खिशात टाकून निघून गेले. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मात्र 'फसवणूक' असं लिहिलं. हॉलभर लोकांनी ऐकलं होतं. एकानेही 'मीपण ऐकलं' असं लिहिलं नाही. माझ्या दोन विद्यार्थ्यांनी क्लास सोडला.

त्या सकाळी काय झालं, मला आजही सांगता येत नाही. पण आम्ही काहीही लावलं नव्हतं. तेवढं तरी त्या दिवशी हॉलमध्ये असलेल्या कुणीतरी त्या ग्रुपवर लिहा.