येनाच्या कुळाचे आमदार

श्री. चैतरामजी परतेकी यांना मी पहिल्यांदा भेटले ती नोकरी मागायला. सोबत वडील होते. ते वनरक्षक, त्यांची बहुतेक नोकरी गिरडच्या पुढच्या जंगलातल्या चौक्यांवर गेली. जवळ शाळा नव्हती, म्हणून मला अक्षरे आईने शिकवली आणि पाहायचे कसे ते वडिलांनी. "पायलं नाई ते लिवू नोको," एवढा एकच नियम त्यांनी मला घातला होता. तो आजही माझ्या मानेवर बसलेला आहे, आणि चैतरामजींच्या साठीच्या गौरवग्रंथाकडे हा लेख उशिरा पोहोचला त्याचे कारणही तोच आहे.

आमदारांच्या वर्ध्याच्या घरी, ओसरीवर, मी प्रमाणपत्रांची फाईल पुढे केली. चैतरामजींनी ती उघडली नाही.

"पोरी, तुमचं झाड कोनतं?"

मी गोंधळले. "काकाजी, माझा विषय राज्यशास्त्र आहे," म्हणाले.

"विषय नाई इचारला. कुळाचं झाड इचारलं."

आम्हा गोंड लोकांत प्रत्येक कुळाचे एक झाड असते. ते तोडायचे नाही, चुलीत घालायचे नाही, दुसऱ्या कुणी तोडले तरी घाव आपल्याला लागतो. हे मी ऐकून होते, पण आमचे कोणते ते मला माहीत नव्हते. शेवटी वडील खाली पाहत म्हणाले, "कळंब." परतताना बसमध्ये मी त्यांना विचारले, मला कधी सांगितले का नाही? ते म्हणाले, "हापिसात कोनी इचारत नाई. मंग घरी सांगाचंबी राहूनच जाते."

चैतरामजी सर्वांनाच हा प्रश्न विचारतात. राखीव नसलेल्या मतदारसंघातून निवडून आलेला हा माणूस शपथ घ्यायला हळदी रंगाचा फेटा बांधून गेला आणि दारावरच्या शिपायापासून सगळ्यांना 'सेवा जोहार' हा आमचा नमस्कार करत आत शिरला. झाडाचा प्रश्न ऐकून एका तहसीलदार साहेबांनी त्यांना सांगितले, "आमच्यात तसं काही नसते, भाऊ." चैतरामजी म्हणाले, "मंग आजपासून एक धरा." बदली झाल्यावर ते साहेब निरोप घ्यायला आले तेव्हा जाता जाता म्हणाले, "कडुनिंब धरला होता, भाऊ. बंगल्यासमोरचा." चैतरामजी दिवसभर खुशीत होते.

त्यांचे झाड येन. पुस्तकात त्याला ऐन म्हणतात. आर्वीकडच्या एका गावात त्यांचा सत्कार होता. मांडव मोठा झोकात घातला होता, पण चैतरामजी मांडवाच्या तोंडाशीच, खांबाला हात लावून थांबले. सरपंच हार घेऊन धावत आले.

"या ना भाऊ, आत या. खुर्ची टाकली हाय."

"येतो. हे डांब कशाचे हायत?"

"येनाचे! एकदम पक्के. वादळ आलं तरी हालत नाईत."

"हालणार कसे? माह्या भावाले कापून उभा केला तुम्ही, आन त्याच्या डोक्यावर कापड टाकलं."

सरपंचांच्या हातातला हार तसाच राहिला. कुणीतरी मागून टोमणा मारला, "मंग आमदार साहेब उन्हात बसतीन काय?" "बसतो ना," असे म्हणून चैतरामजी खरोखरच बाहेर बोरीखाली जाऊन बसले. हळूहळू सगळा गाव मांडव सोडून तिथे आला. भाषण झाले नाही, पण त्या गावाची गायराने कुठवर आहेत आणि कुणाची नजर त्यांच्यावर आहे, हे सगळे निघाले. जाताना त्यांनी सरपंचांच्या गळ्यात हात टाकला, नाहीतर तो भला माणूस आठवडाभर जेवला नसता.

मला नोकरी मिळाली; काम त्यांना विधेयके वाचून दाखवण्याचे. चैतरामजी डोळे मिटून ऐकतात आणि मध्येच विचारतात, "यात झाडाचं काय हाय? पान्याचं काय हाय?" काही नसेल तर ते सांगायलाही लावतात. वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण सभागृहात बहुतेक मतदान आवाजी होते. अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावे. मग 'होयचे बहुमत' असे दोनदा म्हणून विषय संपतो. कोण काय म्हणाले याची कुठेच नोंद राहत नाही. नोंद हवी असेल तर सदस्याने पोल मागावा लागतो. मग घंटा वाजते, दारे बंद होतात, आणि एकेकाने जागेवर उभे राहून आपले मत द्यायचे असते.

चैतरामजी विरोधी बाकांवर होते तेव्हा पाणथळ जमिनींच्या एका विधेयकावर त्यांनी पोल मागितला. जेवणाची वेळ टळून गेलेली. शेजारचे सदस्य कुरकुरले, "परतेकी, हरणार हे माहीत आहे ना? मग कशाला सगळ्यांना उपाशी मारता?"

"हरतो हे माहीत हाय. पण कोन कोन हरलं, ते तं लिवून ठेवा."

मी प्रेक्षक सज्जात होते. गुडघे धरून, पुढच्या बाकाचा आधार घेत ते उभे राहिले, तो क्षण मी पाहिलेला आहे. म्हणून लिहिते.

त्यांच्या गुडघ्यांविषयी आणखी एक. माझ्या आईचे ऑपरेशन सावंगीच्या रुग्णालयात झाले, तेव्हा चैतरामजी न कळवता आले आणि आमच्या नातेवाइकांसोबत व्हरांड्यात सतरंजीवर बसले. बाक रिकामा होता, पण माझी आत्या खाली बसली होती म्हणून तेही खाली. डॉक्टर बाहेर येईपर्यंत ते आत्याशी गोंडीत मोहाच्या लाडवांविषयी बोलत राहिले. आत्या त्या दिवसात पहिल्यांदा हसली. निघताना मात्र त्यांना उठता येईना. माझ्या दोन भावांनी काखेत हात घालून उठवले, तेव्हा म्हणाले, "आमदार उठवाले दोन लागतात. पाडाले एकच पुरते."

इथपर्यंतचा लेख वेळेवर लिहून झाला होता. अडले पुढे.

झुडपी जंगल म्हणजे सरकारदरबारी खुरटे रान. गावाची गुरे चरतात, सरपण मिळते ते तिथेच. काही टेकड्यांवरच्या अशा जमिनी प्रकल्पांना मोकळ्या करणारे विधेयक काही वर्षांपूर्वी आले होते. चैतरामजींचा पक्ष तोवर सत्तेत आला होता. त्या दिवशी त्यांनी पोल मागितला नाही. विरोधकांनी मागितला, आणि चैतरामजींनी उभे राहून 'होय' म्हटले. त्यांच्या पर्यावरणविषयक मतदानावर लिहायचे मला सांगितले आहे. हे एक मत गाळून मी कसे लिहू? मी लिहिले की पक्षाचा व्हिप होता. व्हिप म्हणजे पक्षाचा लेखी आदेश, तो मोडला तर आमदारकी जाऊ शकते.

ग्रंथाचे संपादक मधुकरराव हे निवृत्त मुख्याध्यापक, चैतरामजींचे तरुणपणापासूनचे सहकारी. त्यांचा फोन आला. "बेटा, साठीचा ग्रंथ हाय हा. त्यात ते काऊन?" मी चैतरामजींनाच विचारायला गेले. ते चिडले. "एवढ्या वर्षांत तुले दुसरं काही दिसलं नाई काय?" मी उठून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच फोन केला.

"काय लिवलं ते वाच."

मी वाचले.

"व्हिप नव्हता."

"काकाजी, तुम्हीच सभेत सांगितलं होतं."

"सांगत होतो. तोंडी निरोप होता, कागद नव्हता. मी बाहेर जाऊन चहा पीत बसलो असतो, तरी कोनी काही केलं नसतं. मले समाजभवन पाह्यजे होतं. आपल्या लोकांले वर्ध्यात लग्नाले, सभेले, देवाच्या कामाले आपली म्हणून एक जागा नव्हती. मत देलं, भवन मिळालं. हे लिव."

वाचकहो, याच समाजभवनात हा सत्कार होणार आहे. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर त्याचेच चित्र आहे. तिथल्या पिवळ्या भिंतीपाशी माझ्या मावसबहिणीचे लग्न लागले, आणि बाहेरच्या कुणी नाक मुरडायला नव्हते म्हणून आमच्या बायका मनसोक्त नाचल्या. ते भवन नसते तर बरे होते, असे मला म्हणता येत नाही. त्या विधेयकातल्या एका टेकडीवर आता सपाट खडी आहे. ती पाहून आल्यावर, बरे झाले असेही म्हणता येत नाही. हे मला सुटलेले नाही. चैतरामजींनाही सुटले नसावे. नाहीतर माझ्या लेखातला 'व्हिप' हा त्यांना सोयीचा शब्द त्यांनी खोडायला सांगितला नसता. मी त्यांच्याकडे काम करते याचा मला सर्वांत जास्त अभिमान त्या सकाळी वाटला.

मधुकररावांना हे सारे वाचून दाखवले. ते म्हणाले, "छापतो. पहिल्या पानावर नाई टाकत, एवढं समजून घेजो."

आता तेच विधेयक वाढवून पुन्हा येते आहे. या वेळी त्यात चैतरामजींच्या गावामागची टेकडी आहे, आणि तिच्यावर येनाची झाडे आहेत. या वेळी व्हिपही आहे, खराखुरा, कागदावरचा. मी ते विधेयक त्यांना वाचून दाखवले. नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. मी न राहवून म्हटले, "काकाजी, मग या वेळी?"

"तू लेख लिव. मत मले देऊ दे."

हा ग्रंथ छापायला जाईल तेव्हा अधिवेशन सुरू व्हायचे असेल. आपल्या हाती पडेल तेव्हा ते संपलेले असेल. म्हणजे मला जे माहीत नाही ते आपल्याला माहीत असेल. पाहिले नाही ते मी लिहीत नाही, म्हणून फक्त मागणे मागते. आम्हा गोंडांचा बडादेव चैतरामजींना भरपूर आयुष्य देवो. त्यांची झोप शांत राहो, साखर आटोक्यात राहो, आवाज आहे तसाच खणखणीत राहो. आणि त्यांच्या गुडघ्यांना बळ मिळो. मी सज्जात बसलेली असेन. घंटा वाजली, दारे बंद झाली, की काकाजी, तुम्हाला कुणाच्या हाताशिवाय उभे राहता यावे.