दामले हेडमास्तरांची 'भूतपूजकी'

गवतातून चालून आलं की धोतराला कुसळं चिकटतात, तसे काही शब्दांना किस्से चिकटतात. एक उपटावा तर आणखी चार सापडतात.

जव्हार संस्थानच्या शाळेत मी मास्तर होतो, तेव्हा आमच्याकडे असा एक शब्द होता, भूतपूजकी. पुण्याहून आलेल्या दामले हेडमास्तरांनी तो आणला. रानातल्या लोकांना 'भूतपूजक' म्हटलेलं त्यांनी कुठल्याशा जाड पुस्तकात वाचलं होतं. शेवटची 'की' त्यांची स्वतःची. शेंदूर, पिसं, भिंतीवरची पांढरी चित्रं, जे जे पुण्यात पाहिलं नव्हतं ते सगळं भूतपूजकी. माणूस मात्र सरळ. पोरांना कधी छडी लावली नाही.

*

एकदा त्यांनी वर्गात हाच शब्द वाक्यात वापरायला सांगितला. अर्थ सांगायचा राहून गेला.

एक जण म्हणाला, "यंदा भूतपूजकी भात बरा आला."

दुसरा म्हणाला, "आमच्या बैलाला भूतपूजकी झाली होती, आता उठून चरतो."

तिसऱ्याने जरा विचार केला. "हेडमास्तरांचा कोट फार भूतपूजकी आहे."

दामल्यांनी कोटाकडे एकवार पाहिलं. "वाक्य शुद्ध आहे. बस खाली."

*

खोडाळ्याच्या शाळेच्या तपासणीला आम्ही लखमाच्या बैलगाडीतून निघालो. लखमा दाभोसा गावचा. रस्त्याच्या वळणावर वाघोबाचा लाकडी खांब होता. वर चंद्र-सूर्य कोरलेले, खाली वाघ, सगळा शेंदराने माखलेला. लखमाने उतरून चिमूटभर तांदूळ वाहिले.

"अगदी भूतपूजकी चाल," दामले मला म्हणाले. मग त्याला म्हणाले, "अरे, वाघ तुमची गुरं खातो, आणि तुम्ही त्यालाच हात जोडता?"

"त्याच्या रानातून जायचा हाय, मास्तर. विचारून जावं."

थोडं पुढे गेलो तर धुळीत पंजे उमटलेले. ओढा ओलांडून आला असावा, कडा अजून ओल्या होत्या. बैल जागच्या जागी थांबले. एवढ्या मोठ्या रानात एक पाखरू बोलत नव्हतं. आम्ही श्वास धरून बसलो, आणि मग कधीतरी बैल आपणहून चालू लागले.

परतताना त्याच खांबापाशी दामले उतरले आणि बूट काढून उभे राहिले. पुढे मास्तरांच्या खोलीत कुणीतरी छेडलं, तर म्हणाले, "नमस्कार सुताराला केला. काम फार भूतपूजकी होतं."

शब्द तोच, पण आवाज खाली आला होता.

*

मोखाड्याच्या बोहाड्याला, देवांचे मुखवटे घालून रात्रभर नाचायच्या उत्सवाला, पोचलो तेव्हा उजाडायला आलं होतं. संबळ वाजत होता आणि मशालींच्या उजेडात देवीचा मुखवटा डुलत येत होता. मुखवट्याआड भिवा होता, आमच्या शाळेची घंटा देणारा शिपाई.

ड्रॉइंगमास्तर पाटणकर माझ्या कानाशी रंगांबद्दल काही सांगत होते. एवढ्यात भिवाचा म्हातारा बाप गर्दीतून पुढे झाला आणि त्याने पोराच्या पायांवर डोकं ठेवलं. मुखवटा खाली झुकला नाही. हात तेवढा वर गेला, आशीर्वादाला.

"भूतपूजकी ना, सर?" मी विचारलं.

"फार," दामले म्हणाले. त्यांची टोपी त्यांच्या हातात होती.

दोन दिवसांनी भिवा पाण्याचा तांब्या घेऊन आत आला, तसे दामले खुर्चीतून उठून उभे राहिले. आम्ही पाहतोय हे लक्षात आल्यावर म्हणाले, "बसून बसून पाठ धरते."

*

पुढे लखमाची आई गेली. मेलेल्यांना नावाने बोलावून जेवू घालायचा त्यांचा एक विधी असतो, त्याचं बोलावणं आलं. दामल्यांच्या पत्नीने, आमच्या काकूंनी, जायचाच हट्ट धरला. या दोघांची मुलगी पुण्यातच गेली, एवढंच आम्हाला माहीत होतं. तिचं नाव त्या घरात कुणी घेत नसे.

"भूतपूजकी प्रकार आहे," दामले गाडीत म्हणाले. "आपण दुरून पाहायचा."

काकू सरळ जाऊन बायकांत बसल्या.

भर दुपार होती. भोपळ्याची घांगळी वाजवत एक म्हातारा भगत गात होता. गाण्यात एकेक मेलेलं माणूस हाकेसरशी यायचं, आपापल्या चालीने, आपापल्या सवयींसकट, आणि त्याच्यापुढे पानावर भात पडायचा. लखमाची आई मोळी घेऊन आली, तेव्हा लखमा लहान मुलासारखा रडला.

शेवटी म्हाताऱ्याने तार दाबली. "आजून कोनाला बोलवायचा हाय?"

काकू म्हणाल्या, "यमू."

अंगणाच्या कडेला उभे असलेले दामले एक पाऊल पुढे आले आणि थांबले.

म्हाताऱ्याने डोळे मिटले. बराच वेळ नुसती तार वाजत राहिली. मग तो गाऊ लागला, "यमूबाय आली. लांबून चालत आली. डावा कान दाबून आली."

काकूंनी पदर तोंडाशी नेला. लखमाच्या बायकोने पान मांडलं, भात वाढला. दामले सगळ्या माणसांतून चालत आले आणि त्या पानापाशी मांडी घालून बसले.

"आता दुखत नाही ना, तेवढं तिला विचारा," ते म्हाताऱ्याला म्हणाले.

पुन्हा तार वाजली.

"नाय," म्हातारा म्हणाला. "भुकेली हाय."

दामले भात कालवू लागले.