सुक्या बोंबलांना प्रवेश नाही

मागच्या आठवड्यात वादळ येणार होतं, त्या दुपारी मी वसईतल्या एका शाळेच्या गेटवर उभी होते. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या लोकांची तिथे तात्पुरती सोय केली होती... मी चादरी द्यायला गेले होते.

तिथे फिलोमिना दिसली, माझी कॉलेजातली मैत्रीण. लग्न होऊन त्याच कोळीवाड्यात गेली, घर अगदी पाण्याला लागून. सोबत मुलं, सासू कात्रीनमावशी, आणि टेम्पोत सुक्या बोंबलांच्या गोण्या.

घरं सोडायचा आदेश टप्प्याटप्प्याने आला होता. सकाळी फक्त किनाऱ्यालगतची घरं, म्हणून यांनी गोण्या मागच्या गल्लीत जावेकडे हलवल्या. दुपारी मागच्या गल्लीलाही निघायला सांगितलं... मग गोण्या ठेवायच्या कुठे?

पावसाळ्यात बोटी बंद असतात. तेव्हा त्यांचं घर या बोंबलांवर चालतं, आणि ते भिजले की फेकूनच द्यावे लागतात.

गेटवरच्या साहेबांनी माणसांना आत घेतलं, गोण्यांना नाही. का, तर वास येतो, लोक तक्रार करतील.

"कोन करनार तक्रार?" कात्रीनमावशी म्हणाल्या. "आत बसलीत ती सगळी आमचीच मानसं ना?"

साहेबांनी पुन्हा नियमच सांगितला. मावशी पुन्हा टेम्पोत चढल्या. "तू पोरांना घेऊन आत जा गो. मी बसते घरी, गोन्यांजवळ."

नेमके तेव्हाच आमच्या उमेळ्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज येत होते. हे लोक ऐकतच नाहीत, जिवाची पर्वा नाही यांना... माझं डोकंच फिरलं. ही बाई सुरक्षित जागेच्या दारापर्यंत आली होती. आपणच तिला परत पाठवत होतो, आणि उद्या काही झालं असतं तर बातमी आली असती, आवाहन करूनही घर सोडण्यास नकार.

मी सेक्रेटरींना फोन केला. एका रात्रीपुरत्या गोण्या पार्किंगमध्ये ठेवू का? "मॅडम, मदत करायलाच हवी हो... पण वास."

मी टेम्पो सरळ बिल्डिंगखाली आणला आणि गोण्या माझ्या हॉलमध्ये रचल्या. मावशीही आल्या, कारण गोण्या नजरेआड करायला त्या तयार नव्हत्या. त्यांचा जीव वाचणार होता तो गोण्यांबरोबरच... हे आदेश काढणाऱ्या कुणालाच कसं सुचलं नाही?

वादळ बाजूने निघून गेलं. सकाळी ग्रुपवर दोनच विषय. सरकारने उगाच घाबरवलं, आणि लिफ्टला वास येतोय.

निघताना मावशींनी बोंबलांच्या दोन जुड्या काढल्या. "ही तुला. नि ही त्या वासवाल्याला." मी नेऊन दिली. सेक्रेटरींनी हसून घेतली, वासाचं नावही काढलं नाही.

हे सगळं चिडून सांगतेय खरी, पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. त्या गेटवर गोण्या घेऊन आणखीही कुटुंबं उभी होती. त्यात माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं... आणि त्या रात्री ती माणसं कुठे झोपली, हे मला आजही माहीत नाही.