नानांची निवड

नाना वांगी घ्यायला गेले की वांगीवालीला तासभर दुसरं गिऱ्हाईक मिळणं कठीण. एक वांगं डाव्या हातात, एक उजव्या हातात, आणि दोघांकडे अशा नजरेनं पाहायचे, जणू पोरीसाठी स्थळ बघताहेत. मी लग्न होऊन कराडहून नेरूळच्या नव्या वसाहतीत आले, तेव्हा समोरच्या दारातल्या या माणसानं मला पहिला धक्का दिला तो भाजीच्या टोपलीपाशीच. टोपलीत एकच वांगं उरलं होतं, चांगलं तुकतुकीत. नाना ते न घेताच निघाले. मी विचारलं तर म्हणाले, "निवडायला समोर दोन तरी लागतात, शैला. एकच असलं तर ते गळ्यात पडणं झालं."

दुसरा धक्का त्यांच्या घरात बसला. जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी चक्क हेलिकॉप्टर! खेळणं म्हणवेना, कारण आत खरं इंजिन होतं आणि घरभर त्याच्या तेलाचा वास. मी दारातच उभी. त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, मात्र त्याची शेपटी शांतपणे बाजूला सारून माझ्यापुढे पोह्यांची बशी ठेवली.

सांगाडा कधीचाच तयार होता. घोडं अडलं होतं ते रेडिओवर. रेडिओ म्हणजे गाण्यांचा नव्हे. जमिनीवरून हुकूम सोडणारा हातातला डबा, हेलिकॉप्टरच्या पोटात बसून तो हुकूम ऐकणारा रिसीव्हर, आणि ऐकलेलं करून दाखवणाऱ्या काडेपेटीएवढ्या मोटारी, म्हणजे सर्व्हो. ते सगळं नानांचे जहाजावरचे मेव्हणे परदेशातून आणणार होते. काय आणायचं ते मात्र नानांनी ठरवायचं होतं. म्हणजे झालंच! मेव्हणे येत, जेवत, जहाजावर परत जात. नानांचं आपलं सुरूच. पाच चॅनल पुरतील की सहा घ्यावेत? शेपूट जागेवर धरणारा जायरो या कंपनीचा की त्या? एकदा तर त्यांनी साबणाच्या वड्या कापून सर्व्होच्या वजनाचे तुकडे केले आणि तोल बघायला हेलिकॉप्टरात बसवले. काकू मला म्हणाल्या, "आमच्याकडे आंघोळीला साबण नाही, पण हेलिकॉप्टरला आहे."

मला हसू यायचं, आणि एक दिवस ते एकदम थांबलं. नाना बेलापूरच्या सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. त्यांच्या रेघेला कचेरीत मान होता. त्या दिवशी त्यांच्या हातातला कप बशीवर वाजत होता. त्यांनी माझी नजर पाहिली. "डॉक्टर म्हणतात, हा कंप वाढत जाणार," नाना म्हणाले. "हात साथ देतोय तोवर ते एकदा हवेत स्थिर उभं करायचंय. एकदाच." मग हा माणूस घाई का करत नाही? मी तसं बोललेसुद्धा. त्यावर ते म्हणाले, "एकदाच करायचंय, म्हणून तर घाई नाही."

याच सुमारास आमच्या शेजारच्या, बँकेतल्या गोरे भाऊजींना विमानाचं वेड लागलं. नानांनी त्यांनाही हुबेहूब आपल्यासारखाच रेडिओ सुचवला. एकाचा सुटा भाग दुसऱ्याला चालला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. मेव्हण्यांनी अखेर दोन संच आणले आणि उघडून बघतात तो काय, सारखेपणाच्या नादात नानांनी रेडिओची लहर ठरवणारे क्रिस्टलसुद्धा एकाच लहरीचे मागवलेले! एकाने हुकूम सोडला की दुसऱ्याचं यंत्रही तो ऐकणार. वर्षानुवर्षं निवडणाऱ्या माणसाची ही चूक. मेव्हण्यांचं जहाज पुन्हा येईपर्यंत नानांनी तोडगा काढला. काकूंच्या दोरीवरचा लाल चिमटा ज्याच्या कॉलरला, त्यानंच आपला डबा चालू करायचा. गोरे भाऊजी हा नियम देवाचा मानून पाळायचे.

शेवटी तो रविवार उजाडला. करावे गावाच्या पलीकडे, खाडीलगतच्या भरावावर आम्ही चटई टाकली. मासळीची पाटी घेऊन जाणाऱ्या यमुनाबाई थबकल्या. "काय नाना, तुजी भिंगरी आज तरी उडनार हाय का?"

"आज उडणार, यमुनाबाई. बसा."

लाल चिमटा नानांच्या कॉलरला होता. त्यांनी अंगठ्यानं डब्यावरची कांडी हळूहळू वर सारली आणि हेलिकॉप्टर उठलं. डोक्याच्या वर गेलं, आणखी वर गेलं, आणि उभं राहिलं. हवेत, स्थिर! नानांचा हात त्या क्षणी जराही कापत नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकू आमच्याकडे तोंड करून चहा ओतत होत्या, त्यांनी बघितलंही नव्हतं.

तेवढ्यात त्यांच्या पाठीमागून दुसरं इंजिन किंचाळलं. गोरे भाऊजींचा डबा नियमाप्रमाणे पिशवीत बंद होता. पण आपली पाळी आली की वेळ नको जायला, म्हणून त्यांनी विमानाचं इंजिन लावून नेमका तेव्हाच आतला रिसीव्हर चालू केला होता. हेलिकॉप्टरला वर धरणारा हुकूम विमानानंही ऐकला. ते त्यांच्या हातातून निसटलं आणि जमिनीवरून थेट काकूंच्या पाठीकडे धावलं. फिरतं पातं मला दिसत होतं आणि मी बसल्या जागी दगड झाले होते.

नानांनी कांडी खाली ओढली. तीच कांडी दोघांची. विमानाचं इंजिन घुसमटून बंद पडलं आणि ते चटईच्या कडेला येऊन थांबलं. हेलिकॉप्टर धोंड्यासारखं खाली आलं आणि त्याचे तुकडे झाले. काकूंनी दचकून विचारलं, "अहो, काय फुटलं?"

गोरे भाऊजी जमिनीवर बसून रडायला लागले. नाना त्यांच्याजवळ गेले, कॉलरचा चिमटा काढून त्यांच्या कॉलरला लावला आणि म्हणाले, "नियम मी अर्धाच केला होता, गोरे. बोलणाऱ्याला लावला, ऐकणाऱ्याला लावायचा राहिला. उठा, आता तुमची पाळी."

पुढच्या हिवाळ्यात नानांना कपही धरवेना. उरलेले सर्व्हो त्यांनी गोरे भाऊजींना देऊन टाकले. दुसऱ्या हेलिकॉप्टरचं नाव काढलं नाही. आमची बदली ठरली तेव्हा मी निरोप घ्यायला गेले. काकू त्यांना चमच्यानं चहा पाजत होत्या. तो दिवस माझ्या डोक्यातून गेला नव्हता, म्हणून मी विचारलंच, "नाना, वांगं निवडायला तुम्हाला तास लागतो. त्या दिवशी इतक्या पटकन कसं ठरवलंत?"

नानांनी घोट गिळला. "ठरवलं कुठे? निवडायला समोर दोन तरी लागतात, शैला," ते काकूंकडे बघत म्हणाले. "तिथे एकच होती."