नव्या मोबाइलमधली दादांची हाक

कॉलेजच्या चाचण्या मोबाइलवर होऊ लागल्या आणि माझा जुना मोबाइल ऐन चाचणीत बंद पडायला लागला. दोन चाचण्या अशाच गेल्या. नवा घ्यावा का, हे विचारायला घरात कोणी नव्हतं. कॉलेजात पोचलेली मी पहिलीच. पोरीला कळत असेल, असं सगळे धरून चालतात.

जुना बदल्यात दिला तरच नवा परवडणार होता. पण जुना एकटीचा नव्हता. सकाळी तो माझ्यासोबत वसमतला कॉलेजात, दुपारनंतर दादांच्या रुमालात. दादा म्हणजे माझे वडील, मेंढरं राखतात. गेल्या वर्षी घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांची मेंढरांना घालायची हाक मी आठवण म्हणून रेकॉर्ड केली होती. पुढं ते तीच रानात लावायचे आणि पांगलेली मेंढरं वळून यायची.

आठ दिवस मी बोललेच नाही. शेवटी आईनं विचारलं, "काहून गप गप राहून राहिली?"

मी सांगितलं. दादांनी ऐकलं, रुमालाची गाठ सोडली आणि मोबाइल माझ्या हातावर ठेवला.

वारंगा फाट्यावरचा दुकानदार म्हणाला, "ताई, सगळं जसंच्या तसं येतं. आवाज ऐका याचा. जुन्याचा तर डबा झालाय."

खरंच, जुन्याचा स्पीकर फाटला होता. नव्यात दादा समोर उभे राहून हाक मारताहेत असं वाटलं. जुना मी देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी दादांनी नव्यावर हाक लावली. मेंढरांनी माना वर केल्या, पुन्हा खाली घातल्या. दादांनी तीनदा लावली. वर्षभरात मेंढरांना त्या फाटक्या आवाजाचीच सवय झाली होती. कोकरांनी तर दुसरा आवाज ऐकलाच नव्हता. हे मला दुकानात सुचायला हवं होतं.

"शिकतील मेंढरं हळूहळू," आई म्हणाली. "ते काय तुझ्यासारखे कॉलेजात गेले न्हाईत."

दादा आवाजाशिवाय हसले. मोबाइल माझ्याकडं देऊन, काठी घेऊन मेंढरांमागं चढ चढू लागले.

मी परत दुकानात गेले. जुना पुढं पाठवून दिला होता.

परवाची चाचणी एकदाही न अडकता झाली. घरी आले तेव्हा दादा रानातच होते. दुपारी ते आता मोबाइल मागत नाहीत.