चोपन्नची चिठ्ठी

आमचे हे टेनिसच्या रॅकेटचं गटिंग करतात. म्हणजे तार ओढून जाळी विणतात. अठ्ठावीस वर्षं झाली. लोक विचारतात, यात काय एवढं? मी म्हणते, बसा एकदा यंत्रापुढे, कंबर सांगेल. दुकान म्हणजे मैदानाच्या भिंतीला लागून एक खोली, मधोमध यंत्र, यंत्रामागे हे आणि टेबलाशी मी. त्यांनी तार ओढायची, मी चिठ्ठी लिहून मुठीला चिकटवायची: कुणाची रॅकेट, कुठली तार, किती पौंड ताण. खेळाडूचा ताण म्हणजे त्याचं गुपित. तो आम्ही आजवर सख्ख्या भावालाही सांगितलेला नाही.

यांचा स्वभाव म्हणजे आपण भलं आणि आपलं काम भलं. माझ्याशी भांडायचं म्हटलं तरी यांना दोन दिवस तयारी लागते. हा माणूस माझ्यापासून काही लपवेल, असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

आमच्याकडे येणाऱ्यांत सगळ्यात मोठी खेळाडू म्हणजे डावखुरी. नऊ वर्षांची असल्यापासून तिची रॅकेट हेच विणतात. यांना काका म्हणते, मला काकू. आता जगातल्या पहिल्या दहांत आहे. तिचा ताण कायम चोपन्न. या वरच्या खेळाडूंना काही स्पर्धा खेळाव्याच लागतात. सबळ कारणाशिवाय चुकवल्या तर गुण कापतात, बंदीही घालतात. यंदा तिनं त्यातली एक ऐनवेळी सोडली. कोपर गेलं म्हणाली. समिती म्हणाली, नाटक आहे. डॉक्टरांच्या फोटोत सूज दिसते, पण ती तर सगळ्याच खेळाडूंच्या कोपरात दिसते. मग त्यांच्या तज्ज्ञानं मुद्दा काढला. ज्याचं कोपर दुखतं, तो सगळ्यात आधी तार सैल करून घेतो, कारण सैल तारेचा हाताला हिसका कमी बसतो. हिच्या चार महिन्यांच्या चिठ्ठ्या बघा. सगळ्या चोपन्न. एक वर्ष बंदी घालायचं घाटत होतं.

साक्षीला यांना बोलावलं. पत्र वाचून हे पांढरेफटक पडले. मी म्हटलं, अहो, घाबरताय काय, चोपन्न ते चोपन्न, सांगायचं आणि यायचं. कर नाही त्याला डर कशाला? यांनी जेवताना घास तोंडाशी नेऊन परत ताटात ठेवला. मग उठले आणि यंत्राखालच्या खणातून एक छोटी वही काढून माझ्यापुढे ठेवली.

वहीत तिच्या रॅकेटींचे आकडे होते, यांच्या अक्षरात. साडेत्रेपन्न. त्रेपन्न. साडेबावन्न. असं उतरत उतरत शेवटी अठ्ठेचाळीस.

थंडीत ती रॅकेटी द्यायला आली होती, तेव्हा बॅगेची चेन लावताना तिचा हात थरथरलेला यांनी पाहिला. ताण कमी करू का, असं विचारलंही. ती नको म्हणाली. आकडा उतरला की समोरच्यांना वास लागतो. तर या शहाण्यांनी तिला न सांगता दर खेपेला अर्धा पौंड कमी केला. अर्ध्याचा फरक कुणाच्या हाताला कळत नाही. चिठ्ठीवर मात्र मला चोपन्नच लिहायला सांगत गेले.

चिठ्ठ्यांवरचं अक्षर माझं. तुम्हाला नसत्या उचापती कुणी सांगितल्या होत्या, म्हणून मी यांना नाही नाही ते बोलले. बोलून संपलं आणि भीती तेवढी उरली. खरं सांगितलं, तर ज्याच्या चिठ्ठीचा भरवसा नाही त्याच्या हातात रॅकेट कोण देईल? या वयात आम्हाला दुसरं येतं काय? आणि गप्प बसलो, तर पोर जन्मभर खोटारडी ठरणार, तीही आमच्यामुळे. इकडे आड, तिकडे विहीर. आठवडाभर फोन वाजला की मी तो वाजू द्यायची. कुणी नुसती चिठ्ठी वाचायला लागलं तरी मी दुसरंच काही बोलायला लागायची. एकदा तर मी म्हटलं, जाळून टाकू ही वही. सांगायला लाज वाटते, पण म्हटलं.

"मग तिच्याजवळ पुरावा काय उरेल?" हे म्हणाले.

सुनावणीच्या खोलीत लांब टेबल, पलीकडे तिघं जण, पुढ्यात पाण्याचे पेले. डावखुरी आमच्या समोरच बसली होती. हजेरीच्या कागदावर तिनं उजव्या हातानं सही केली, पहिलीतल्या मुलासारखी वेडीवाकडी. अध्यक्षबाईंनी यांना विचारलं, ताण चोपन्नच होता ना? हे उभे राहिले. वही टेबलावर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. मध्येच थांबून पाणी प्यायले, पुन्हा बोलले. सगळा वेळ ती यांच्याकडे बघत होती, पापणी न लववता.

तज्ज्ञानं वही तीनदा चाळली, आमच्या यंत्रात आपोआप राहिलेल्या नोंदी मागवून त्यांच्याशी आकडे ताडून पाहिले. तासाभरानं निकाल सांगितला. तिच्यावर बंदी नाही. आणि यांना यापुढे कुठल्याही स्पर्धेचं काम नाही. हे मान डोलावून "बरं" म्हणाले. ज्याला भ्यालो होतो तेच झालं होतं, पण खरं सांगते, मला हायसं वाटलं. पोर सुटली ना, बास.

बाहेर जिन्यापाशी ती थांबली होती. मला वाटलं, आता गळ्यात पडेल. हेही हसल्यासारखं करत पुढे झाले.

"काका, डॉक्टरांनी मला थंडीतच सांगितलं होतं," ती म्हणाली. "दुखणं वाढलं की त्या दिवशी खेळणं थांबवायचं. मी रोज बघत होते. ते कमीच होत गेलं, म्हणून खेळत राहिले. आत कोपर झिजतच होतं."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी जिन्याचा कठडा धरला.

"आता किती दिवस लागतील?" यांनी विचारलं.

"परत खेळता येईल का, तेच सांगत नाहीत."

आठवडाभर आम्ही भ्यालो ते दुकानाच्या काळजीनं. तिच्या कोपराचं काय झालं असेल, ते आमच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. तिची बॅग उजव्या खांद्यावरून घसरत होती. ती घ्यायला यांनी हात पुढे केला. तिनं पट्टा वर ओढला आणि एकटीच जिना उतरून गेली.